शेपटीमागे उभं राहून

पहिलं विमान मी रिमोटशिवायचं मागवलं होतं. इतरांपेक्षा स्वस्त दिसलं म्हणून खुशीत होतो. खोका उघडला तर आत फोमचं विमान, दोन सुटे पंख, एक चिमुकला पंखा — आणि बस. रिमोट नाही, बॅटरी नाही. जाहिरातीत तसं बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. माझे सासरे चष्मा कपाळावर सारून खोक्यात वाकले आणि म्हणाले, "जावईबापू, हे मग दोरी बांधून उडवायचं का?"

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली आहे. ऑफिसात डबा खाताना, मंडळाच्या गणपतीत, मुलीच्या सासरच्यांना पहिल्या भेटीत. लोक हसतात, मीही हसतो. हसण्यासारखी चूक सांगायला काय जातं?

दुसरी चूक मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही. नीलिमालाही नाही — आणि ती माझी बायको, आणि आबा, म्हणजे माझे सासरे, तिचे वडील. त्या गोष्टीला खरं तर चूक म्हणावं की नाही, तेही मला अजून नक्की ठरवता येत नाही. चूक अर्ध्या मिनिटाची होती. त्यानंतर मी जे केलं, त्याला काय म्हणतात?

थांबा. आधी आबांबद्दल सांगतो. (पाहिलंत? लगेच दुसरीकडे वळलो.)

सासूबाई गेल्या आणि आबा साताऱ्याहून आमच्याकडे फरीदाबादला राहायला आले. आम्ही तेव्हा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलो होतो. आबांची सगळी नोकरी कोर्टात गेलेली. सही कुठे राहिली, शिक्का कुठे तिरका पडला, हे पाहण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर हे सगळं कुठे जाणार? ते माझ्याकडे आलं. मी कांदा कसा चिरतो, गॅसचा पाइप कुठून नेलाय, ड्रायव्हरला रस्ता कसा सांगतो — सगळ्यात दुरुस्ती. आवाज चढवायचे नाहीत कधी. नुसतं म्हणायचे, "असं नसतं ते, जावईबापू." आणि वाईट म्हणजे, ते बरोबर असायचे. दरवेळी. तुम्ही कधी दरवेळी बरोबर असलेल्या माणसाबरोबर राहिलायत?

विमानाची कल्पना माझीच. दिवसभर बाल्कनीत बसून ते खाली कोण गाडी वाकडी लावतंय ते बघायचे. म्हटलं, काहीतरी नाद हवा. रिमोटवालं विमान आल्यावर — दुसऱ्या खेपेला मी नीट वाचून मागवलं — आबांनी ते माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं. पहिल्या रविवारी तीनदा मातीत घातलं. पुढच्या आठवड्यात वळवायला लागले. महिन्याभरात ते विमान आमच्या सेक्टरच्या दसरा मैदानावर असं गोल फिरायचं, की खाली क्रिकेट खेळणारे थांबून बघायचे. उडवणार आबा, दुरुस्त करणार मी, अशी वाटणी आपोआप झाली. दुरुस्तीतही मी काय दिवे लावले ते विचारू नका. पहिला तुटका पंख मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडायला गेलो आणि फोम माझ्या डोळ्यांदेखत विरघळला. "असं नसतं ते," आबा म्हणाले. पण हळूहळू मीही शिकलो. मान्य करायला हवं — चांगले दिवस होते ते.

आबांची एक पद्धत होती. विमान सोडण्याआधी ते जमिनीवर ठेवायचे, नाक समोर, आणि आपण बरोबर शेपटीमागे उभं राहायचे. मग रिमोटची दांडी उजवीकडे, आणि मोठ्याने — "उजवं." शेपटीवरचं उभं पातं उजवीकडे वळलं पाहिजे. मग "डावं." हे दर उड्डाणाआधी. पूजेतल्या मंत्रासारखं. मैदानात थंडीचं ऊन खायला बसलेल्या बायका त्यांची नक्कल करायच्या — "अंकलजी का उजवं-डावं हो गया, अब चलेगा जहाज!"

शेपटीमागेच का, असं मी एकदा विचारलं होतं. समोरून पाहिलं तर आपलं उजवं ते विमानाचं डावं असतं, म्हणून. साधी गोष्ट. आबांनी ती मला दोनदा समजावली होती.

आणि तरी.

त्या जानेवारीत शेपटीचं पातं ओढणारी छोटी मोटार — सर्व्हो म्हणतात तिला — अडकायला लागली. मी जुन्या दिल्लीतून नवी आणली, शनिवारी जेवणाच्या टेबलावर बसवली. तार जोडली. जुन्या मोटारीवरच्या छोट्या आडव्या दांड्याच्या ज्या बाजूला ती होती, त्याच्या उलट बाजूला जोडली — पण हे मला तेव्हा कळलं नाही. तपासलं मी. अगदी तपासलं! दांडी उजवीकडे नेली, पातं उजवीकडे गेलं, मी खूश. फक्त — विमानाचं नाक माझ्याकडे होतं. मी समोर बसलो होतो. खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालायचा मला कंटाळा आला होता.

रविवारी मैदानात आबा नेहमीसारखं विमान जमिनीवर ठेवायला वाकले. धुकं नुकतं निवळलं होतं, छान ऊन होतं, मला घरी जाऊन पराठे खायचे होते. मी म्हटलं, "आबा, चलो, सोडा आता. चेक केलंय मी सगळं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता येणार — असं नसतं ते. पण नाही. म्हणाले, "तुम्ही केलंय ना? मग झालं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामावर विश्वास ठेवला तो त्या एका सकाळी.

विमान आमच्यापासून दूर, सरळ वर गेलं. मग आबांनी उजवीकडे वळवायला घेतलं, आणि ते डावीकडे झुकलं. साहजिकच त्यांनी दांडी आणखी उजवीकडे नेली. ते आणखी डावीकडे. जितकं सावरायला जावं तितकं उलट — आणि डावीकडे त्या बायका बसल्या होत्या, मटार सोलत. त्यांच्यातल्या सेठीबाईंच्या भुवईवर लागलं. फार नाही. पण रक्त आलं, पांढऱ्या शालीवर ठिपका पडला, मटार सगळीकडे. "अंकलजी, दिखता नहीं तो उड़ाते क्यों हो?" कुणीतरी ओरडलं. आबा धावत गेले — मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं — आणि हात जोडून उभे राहिले. मोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. मी काय करत होतो? मी मटार गोळा करत होतो.

इथपर्यंत मला काही माहीत नव्हतं. खरंच. इथपर्यंत मी निर्दोष आहे, हे मला सांगायला आवडतं, म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर मोडलेलं नाक चिकटवायला बसलो. या वेळी शेपूट माझ्याकडे होती, अशीच, योगायोगाने. दांडी उजवीकडे नेली. पातं डावीकडे गेलं.

पुन्हा नेली. पुन्हा डावीकडे.

रिमोटवर एक बारीक सरकपट्टी असते, दिशा उलटी करायची. नखाने सरकवायची. मी सरकवली. खट्. उजवं ते उजवं झालं. एवढंच होतं काम! आणि नेमके तेव्हाच आबा खोलीत आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"जावईबापू, मी उजवीकडेच नेली होती ना दांडी?"

मी म्हणू शकलो असतो. तोंडात होतं. एका वाक्याचं काम — आबा, माझी तार उलटी लागली होती. त्याऐवजी मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "समोरून येणारं विमान उलटं वाटतं, आबा. होतं असं. भल्याभल्यांचं होतं."

"पण ते येत नव्हतं," आबा म्हणाले. "जात होतं."

"नाही हो. येत होतं. मी पाहिलं ना."

ही ती गोष्ट. तार उलटी लागली, ती नव्हे. ही.

असं नसतं ते — म्हणाले नाहीत. डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, मग मान हलवली. मी नाकावर टेप लावत राहिलो. आणि लिहितोच आता — मला क्षणभर बरं वाटलं. फार बरं. अखेर एकदा ते चुकले होते, आणि चुकले नसताना चुकले होते, याने त्यात काही कमी होत नव्हतं. हे कसलं मन आहे? सेठीबाईंच्या घरच्यांना घाबरलो होतो का? थोडा. नीलिमा ओरडेल म्हणून? असेल. पण मग हे बरं वाटणं कुठून आलं? मी पुष्कळ शोधलं. दर वेळी उत्तर वेगळं येतं, आणि दर वेळी मी त्यात थोडा बरा माणूस निघतो, म्हणून आता शोधत नाही.

पुढच्या रविवारी मी आबांना मुद्दाम मैदानावर नेलं. हवापालट म्हणून — असं नीलिमाला सांगितलं. विमान मी उडवलं. उजवीकडे नेलं, उजवीकडे गेलं. आबा बारकाईने बघत होते. माझ्या हातांकडे, मग आकाशाकडे, मग परत हातांकडे. मी खाली उतरवल्यावर म्हणाले, "विमान ठीक आहे तर." मी रिमोट पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर त्यांनी हात लावला नाही विमानाला. आम्ही म्हटलं, हौस फिटली. मग समोरच्या रस्त्यापलीकडच्या डेअरीत एकटं जाणं बंद झालं. ड्रायव्हरला रस्ता मी सांगायचो, चुकीचा सांगितला तरी आबा मागच्या सीटवर गप्प. एकदा मी मुद्दाम — होय, मुद्दाम — चुकीच्या बाजूला वळायला सांगितलं. काहीच नाही. नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. कांदा कसाही चिरला तरी चालायला लागलं. मला हेच तर हवं होतं ना? घर शांत झालं. पाहुणे म्हणायचे, आबा किती निवळले! मी म्हणायचो, हो ना.

दर रविवारी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर ते विचारतील, तेव्हा का नाही? म्हणून आणखी दिवस जाऊ दिले. हा कसला हिशेब, मला आजही कळत नाही.

गेल्या थंडीत आबा गेले. झोपेतच. विमानाशी त्याचा काही संबंध नाही. हे वाक्य मी खूपदा म्हणून पाहिलंय.

ऑफिसात अजून कुणी ना कुणी विचारतं, यार, तू तो एक्सपर्ट है, मुलांसाठी स्वस्तातलं कोणतं घेऊ? मी सांगतो. रिमोट आहे ना बघ. पंखा मागे असलेलं घे, नाकावर पडलं तरी वाचतं. वाकणारा फोम घे, कडक नको. सुटे भाग मिळतात का विचार. आणि उडवण्याआधी शेपटीमागे उभं राहून उजवं-डावं तपास. हे तुला कुणी शिकवलं, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, आपोआप कळतं, अनुभवाने.

विमान माळ्यावर आहे. नाकावर टेप तशीच.

हे सगळं लिहून झालं तेव्हा दुपार होती. कागद नीलिमाच्या हातात दिले आणि मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो, आबांच्या जागी. खाली कुणीतरी गाडी वाकडी लावली होती. नीलिमा सावकाश वाचते. मागे वळून पाहिलं तर वाचून झालं होतं, पण पान तसंच धरून बसली होती. मला वाटलं, रडेल. वाटलं, ओरडेल. तिने चष्मा काढला आणि दाराकडे बघत, माझ्याकडे नाहीच, म्हणाली —

"शेवटी शेवटी आबा दारात उभे राहून मला हाक मारायचे. चपला हातात घेऊन. 'ही उजवीच ना गं?' रोज. आणि मी रोज हसायचे. मला वाटायचं, थट्टा करतायत."