तिवराचं पान

मस्कतमधल्या कुरुमच्या खाडीजवळून जाताना ओहोटीच्या चिखलाचा वास गाडीत शिरला, की मला अम्मी आठवते.

पुष्कळ वर्षांपूर्वी ती आणि अब्बा रायगडहून आमच्याकडे इथं राहायला आले असतानाच अब्बा गेले. ती एकच धरून बसली, "या वाळवंटात त्यांना दफन करायचं नाही. गावी न्यायचं." इस्पितळातून परतताना हाच वास आला. "गाडी थांबव," ती म्हणाली. काठावर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, दाट झाडी होती. चिखलातून त्यांची श्वास घेणारी मुळं बोटांसारखी वर आली होती. अम्मीनं एक पान तोडलं आणि जिभेला लावलं. आमच्या गावच्या खाडीवर पोरं चाटतात, अगदी तसं. पानावर मीठ साचलेलं असतं.

"तिवरच आहे," ती पुटपुटली. बराच वेळ पान हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "असू देत त्यांना इथंच."

तेव्हा वाटलं, बिचारी थकली.

आज माझ्या मुलीला तिथं उतरवलं. पान चाटून तिनं तोंड वाकडं केलं. "पप्पा, खूप सॉल्टी आहे!"

"चव लक्षात ठेव," मी म्हणालो. "माझ्या वेळी इथं की गावी, ते तुला ठरवायचंय."