पहिल्या हिवाळ्याची काजळी

आमच्या सासूबाईंनी दीडशे वर्षांची काजळी लिंबू-मिठाने घासून काढली, तेव्हा मी शेजारच्याच खोलीत बसून स्कॅनिंग करत होते. नळाचा आवाज मला येत होता. मला वाटलं, कप विसळतायत.

तेव्हा आम्ही मिशिगनमध्ये एका लहानशा गावात राहत होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आणि मी त्याच्या व्हिसाला बांधलेली. डिपेंडंट व्हिसा. म्हणजे देशात राहा, स्वयंपाक करा, दारातला बर्फ उपसा, पण पगार घ्यायचा नाही. पुण्यात मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. लायब्ररी सायन्सची डिग्री होती, माझं स्वतःचं टेबल होतं, माझ्या नावाने हाका मारणारे लोक होते. इथे कुणाकडे जेवायला गेलं की नवऱ्याला विचारायचे, 'तू कशात आहेस?' आणि मला विचारायचे, 'तू दिवसभर बोअर नाही होत?' अस्सा राग यायचा!

गावात एक कॉलेज होतं आणि कॉलेजच्या एका जुन्या इमारतीत अर्काइव्ह. हे गाव वसवलं ते हॉलंडहून आलेल्या एका पाद्र्याने. तिथल्या राजाच्या चर्चशी याचं पटेना, म्हणून शेतकरी, सुतार, बायका-पोरं असा अख्खा लवाजमा घेऊन तो बोटीने आला आणि जंगल तोडून बसला. त्याची पत्रं, बाप्तिस्म्याच्या नि मृत्यूंच्या वह्या, पंचमंडळींच्या बैठकींचे कागद, सगळं त्या इमारतीत खोक्यांमध्ये जपून ठेवलेलं. नाशिकला आपल्या उपाध्यांकडे गेलं की ते चोपडी उघडून पणजोबांची सही दाखवतात ना, तसा प्रकार. मी तिथे फुकट काम करायला जायचे. व्हॉलंटियर म्हणे. म्हणजे वेठबिगार, पण कॉफी मिळते.

अर्काइव्हच्या प्रमुख सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्या पाद्र्याबरोबर आलेल्या एका सुताराच्या वंशातल्या. मी मनात त्यांना 'बाई' म्हणायचे, कारण शाळेतल्या आमच्या हेडबाईंसारखा त्यांचाही चष्मा नाकाच्या टोकावर आणि बोलणं मोजकं. रविवारी दोनदा चर्चला जाणार, घरात पत्त्यांचा कॅट नाही, खोटं बोलणं तर सोडाच, कुणाचा स्वेटर आवडला नाही तर 'छान आहे' एवढंही म्हणणार नाहीत.

डच मला येत नाही. पण त्या वह्या स्कॅन करताना 'वारला' याचा शब्द पहिल्याच आठवड्यात ओळखीचा झाला. पहिल्या हिवाळ्याची पानं आली आणि मी हबकलेच. ओळीमागून ओळ तोच शब्द, आणि पुढे वय. वर्षं नाहीत, महिने. बाळंच सगळी. ताप आला होता वसाहतीत. मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. बाई म्हणाल्या, "हं. ते पान सगळ्यांनाच उठवतं." मग त्यांनी मला ते पातेलं दाखवलं.

तिथले लोक त्याला 'केटल' म्हणायचे, पण आपल्या चहाच्या किटलीशी त्याचा काही संबंध नाही. कडी लावलेलं मोठं पितळी पातेलं. बाहेरून काळंकुट्ट, बोट लावलं तर बोट काळं होईल असं. त्या हिवाळ्यात पाद्री आणि त्याची बायको उघड्यावर चूल पेटवून यात पेज शिजवायचे आणि तापाने पडलेल्यांच्या झोपड्यांमधून वाटत फिरायचे. नंतर त्या घराण्यात ते पातेलं कुणी घासलं नाही. मुद्दाम नाही घासलं. ती काजळी त्या हिवाळ्याची, ती राहू दे, असं पाद्र्याची बायको म्हणाली होती म्हणे. पिढ्यान् पिढ्या कुणी त्याला पाणी लावलं नाही.

मला हे फार आवडलं. आपल्याकडे असं सुचलं नसतं. आपण चकचकीत करून देव्हाऱ्यात ठेवलं असतं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या शरदात, कॉलेजने गावाच्या वसाहतीचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मधल्या काचेच्या पेटीत ते पातेलं. आणि बाईंनी माझ्यासाठी डीनकडे शब्द टाकला होता. कॉलेज माझ्यासाठी वेगळा व्हिसा काढू शकत होतं. पगार, टेबल, नाव, सगळं. डीन म्हणाले होते, प्रदर्शन नीट पार पडू दे, मग बघू. मी घरी आले ती नाचतच. नवरा म्हणाला, "यार, आधी होऊ तर दे, मग नाच." पण तोही हसत होता.

अशात सासूबाई नागपूरहून आल्या. स्वभावाने सोन्यासारख्या, पण रिकामं बसणं त्यांच्या कुंडलीतच नाही. घरात एकट्या कंटाळतील म्हणून एक दिवस त्यांना अर्काइव्हला घेऊन गेले. दिवाळी तोंडावर आलेली. बाईंनी पातेल्याचा फोटो काढायचा म्हणून ते पॅन्ट्रीतल्या टेबलावर आणून ठेवलं होतं, सिंकच्या शेजारीच, कारण उजेड तिथे चांगला. मग त्या काचेची पेटी बघायला पलीकडच्या इमारतीत गेल्या. सासूबाईंना मी पॅन्ट्रीत चहा करून दिला आणि आत जाऊन बसले.

आता त्यांच्या बाजूने बघा. दिवाळीचे दिवस, सिंकपाशी काळं पितळी पातेलं, फळीवर लिंबं, मीठ, हिरवा स्क्रबर. दुसरा काय अर्थ होतो त्याचा?

मी बाहेर आले तेव्हा त्या ते पंच्याने पुसत होत्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि पातेलं नुसतं झळाळत होतं. मला आधी कळेचना की हे काय आहे. मग कळलं. तोंडचं पाणी पळालं माझ्या. मी ओरडले, "आई! काय केलंत हे?"

"काहून? केवढी काजळी बसली होती त्यावर! बायका काम करतात का नाही इथे? चमच्याने खरवडलं तेव्हा कुठे सुटली."

मी खाली फरशीवर बसले. खरंच बसले, फतकल मारून. कसंबसं त्यांना सांगितलं, की ती काजळी म्हणजेच ते पातेलं, की माझी नोकरी या पातेल्यावर टांगलेली आहे, की तुम्ही माझ्या नोकरीवर पाणी फिरवलंत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग, आता काय सांगू, त्या पदर खोचून म्हणाल्या, "रडू नको. तुपाचा दिवा लाव. मी काजळ धरते ना डोळ्यांचं, तसंच धरून देते. तासाभरात होतं तसं काळं करते."

त्या क्षणी मला हसावं का रडावं कळेना. आणि खरं सांगते, निमिषभर मी दिवा कुठे मिळेल याचा विचार केला.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाई आल्या.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या काळ्या हातांकडे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्या पुढे झाल्या, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मी. मी केलं. हिचा काही दोष नाही." आणि वळून हात धुवायला नळाकडे निघाल्या.

"थांबव त्यांना!" बाई किंचाळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "हात धुऊ देऊ नकोस!"

बाईंनी कापसाचे बोळे आणले, काचेची बाटली आणली. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसून त्यांचं एकेक बोट पुसू लागल्या. नखांच्या कडांमधून, रेषांमधून, बांगड्यांखालून. स्क्रबर घेतला, पंचा घेतला, सिंकच्या जाळीत अडकलेला काळा चिखल चमच्याने काढून घेतला. मधेच चष्मा वर करून डोळे पुसत होत्या. पहिल्या हिवाळ्याचं जे काही उरलं होतं ते माझ्या सासूबाईंच्या नखांत होतं, आणि ही बाई ते काढून घेत होती. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ह्यांना सांग, माझ्या डोळ्यात पाणी आहे ते लिंबाचं नाही."

मी ते सांगितलं. बाईंनी मान हलवली. नोकरीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. संपलं, असं मी धरूनच चालले.

प्रदर्शन तर होणारच होतं. पेटीत ते चकचकीत पातेलं ठेवलं आणि शेजारी बाईंनी स्वतः एक कार्ड लिहून लावलं: मूळ काजळी यंदा आमच्या हातून नष्ट झाली. एवढंच. कुणाचं नाव नाही. मी ते कार्ड वाचलं आणि मला वाटलं, आज गावातली माणसं मला फाडून खाणार.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. सगळे त्याच वसाहतीचे पणतू-खापरपणतू. सासूबाईंनी हट्टाने यायचं ठरवलं होतं. "मी केलं, मी तोंड दाखवणार." त्यांनी नऊवारी नाही, पण ठेवणीतली पैठणी नेसली होती. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. माणसं पेटीपाशी जाऊ लागली.

आणि ती खूश होत होती! अहो, खूश! "काय सुंदर दिसतंय!" "कुणी साफ केलं शेवटी?" "लहानपणी मला भीती वाटायची त्या काळ्या भांड्याची." पेटीपुढे उभं राहून फोटो काढत होते. काचेत, पितळेत स्वतःचं तोंड बघून केस नीट करत होते. कार्ड एकानेही वाचलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या, आणि कप तोंडाशी नेऊन तसाच धरलेला. लिंबू-मिठाचा धक्का काहीच नव्हता असं वाटलं मला. ज्यांच्यासाठी जपलं, त्यांना ते नकोच होतं.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत?"

"आवडलं म्हणतायत."

"आवडलं?" त्या माझ्याइतक्याच चक्रावल्या. "मग त्या बाई रडल्या कशाला?"

तेवढ्यात डीन आले, गोरेपान, हसरे, हातात केकची बशी. म्हणाले, "ऐकलं मी, तुमच्या फॅमिलीची करामत! हेच हवं होतं आपल्याला, नवी नजर. मी उद्याच तुमचे कागद पुढे पाठवतो." माझे कान तापले. व्हिसा, टेबल, नाव. मग ते म्हणाले, "पहिलं काम म्हणजे तळघरातली बाकीची भांडी. सगळी अशीच करून टाकू. बरोबर?"

तळघरात कितीतरी भांडी होती. तवे, दिवे, त्या पाद्र्याच्या चर्चची जुनी घंटा. सगळी काळी, सगळी जपलेली.

"नाही, सर," मी म्हणाले. "ते मी करणार नाही."

माझ्याच तोंडून ते आलं यावर माझा विश्वास बसेना. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "बरं," ते म्हणाले. "बघू मग आपण नंतर." इथे इतकी वर्षं काढल्यावर 'बघू नंतर'चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. ते केकच्या टेबलाकडे निघून गेले.

मला वाटलं, निदान बाई तरी शाबासकी देतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत पॅन्ट्रीत नेलं. दार लावलं.

"मूर्ख आहेस तू?"

मी थक्क. "अहो, पण ती भांडी..."

"ती भांडी आता तो दुसऱ्या कुणाकडून तरी घासून घेईल! पुढच्या आठवड्यात! आणि तू असशील घरी. कुणी सांगितलं होतं 'नाही' म्हणायला?"

"मग काय म्हणायला हवं होतं मी?"

"हो म्हणायचं," त्या म्हणाल्या. "आणि करायचं नाही."

रविवारी दोनदा चर्चला जाणारी ही बाई! स्वेटरबद्दल खोटं न बोलणारी! त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुला काय वाटतं, ते पातेलं घासा असं याआधी कुणी म्हणालंच नाही? प्रत्येक डीन म्हणाला. माझ्या अख्ख्या नोकरीत मी प्रत्येकाला हो म्हटलं. पापच आहे ते. त्याचं मी वर बघून घेईन." मग त्यांनी दार उघडलं. "जा. आत्ता. त्याचा केक संपायच्या आत."

मी गेले. सासूबाई मागून विचारत होत्या, "काय झालं गं? काय झालं?" मी डीनपुढे उभी राहिले आणि दात काढून म्हणाले, "सर, मी गंमत करत होते. सगळी भांडी करते मी."

ते मनापासून हसले. माझा हात हातात घेऊन हलवला. कागद खरंच दुसऱ्या दिवशी गेले, आणि पुढच्या वर्षी मला टेबल मिळालं, त्यावर माझ्या नावाची पाटी.

दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला डीन पायऱ्यांवर भेटले की विचारायचे, "भांड्यांचं कुठवर आलं?"

"चालू आहे, सर," मी म्हणायचे.