एफ-वन न दाबणाऱ्या बिसेन मॅडम

सर्व्हर सुरू होताना बिसेन मॅडम कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. पॉवरचं बटण दाबलं की आतले पंखे एकदम बोंबलायचे, मॅडम दरवेळी दचकायच्या आणि बटणावर तळहात धरून उभ्या राहायच्या. काळ्या स्क्रीनला कंटाळून कुणी मशीन मध्येच बंद करील, ही धास्ती. गोंदियातल्या आमच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीचा तो सर्व्हर त्या सांभाळायच्या, आणि मी त्यांच्या हाताखाली होतो.

एवढी भित्री बाई मी पाहिली नाही. पालीला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, रक्तपेढीच्या साहेबांचा फोन तर उभं राहूनच घ्यायच्या. मी चिडवायचो, "मॅडम, मशीन चावत नाही."

"हास तू. तो आतमंधी आपलेच हातपाय चाचपून राहिला. मोडका पाय घेऊन उठला तं कोनाच्या अंगावर पडन?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. वीज आली की सगळ्यांत आधी बोर्डावरच्या चिपमधला छोटासा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, जागा होतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क तपासतो, मगच बाकीच्यांना उठू देतो. या तपासणीला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसांना धीर नसतो.

एका दुपारी वीज गेली, यूपीएसही बसला. नेमकी त्याच वेळी वॉर्डात सालेकशाकडची देवकी होती. सिकलसेलची पेशंट, रक्त तातडीनं हवं. मागे एकदा गट जुळूनही रक्त तिला सोसलं नव्हतं. तिला कोणतं चालतं, ही नोंद सर्व्हरमध्ये. नव्यानं तपासायचं तर नमुना नागपूरला जाणार, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

वीज आली. मॅडमनी बटण दाबलं. बऱ्याच वेळानं स्क्रीनवर लाल ओळ उमटली: मेमरीत दोष. पुढे जायचं असल्यास एफ-वन दाबा.

"दबाओ ना मॅडम!" साहेब दारातून ओरडले. "पेशंट मर जाएगी!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "नाई दाबत जी. खराब मेमरीतून चुकीचं निघालं तं?"

त्यांनी मशीन बंद करून झाकण उघडलं. मेमरीची खराब पट्टी काढताना ती दोनदा हातातून निसटली. मग पुन्हा बटण, पुन्हा तपासणी पहिल्यापासून, पुन्हा काळी स्क्रीन. बाईंनी एफ-वन दाबून मोकळं व्हायला हवं होतं, असंच मला वाटत होतं.

तेवढ्यात देवकीचा नवरा आला. "बाई, काऊन एवढा टाइम लागून राहिला?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "माह्यामुळं. बटन दाबलं असतं तं कवाचं झालं असतं. मी नाई दाबलं. मले लय भेव लागून राहिलं, भाऊ."

"मले बी," तो म्हणाला, आणि दारातच खाली बसला. त्याला ओलांडून आत यायला साहेबही धजले नाहीत.

शेवटी मशीन उठलं. मॅडमनी नोंद मोठ्यानं वाचली, रक्ताची पिशवी निघाली, तिच्यामागे तो धावत गेला. देवकी वाचली. एफ-वन दाबलं असतं तरी कदाचित काही बिघडलं नसतं, हे मॅडमनाही ठाऊक होतं.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "ते मेली असती, तं त्याले मी काय सांगतलं असतं रे?"

महिन्याभरात नोकरी सोडून त्या कामठ्याला गेल्या. आता सर्व्हरची खोली माझ्याकडे आहे. सर्व्हर सुरू होताना मीही बटणावर तळहात धरून उभा राहतो.