मणक्याचा टीबी आणि केबलवरचा चित्रकलेचा तास

औरंगाबादच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पेनच्या टोकानं एक जागा दाखवली आणि म्हणाले, "पॉट्स स्पाइन."

इंग्रजी नाव ऐकून मला बरं वाटलं. एवढं गोंडस नाव असलेला आजार फार वाईट नसेल, असं वाटलं. मग त्यांनी मराठीत सांगितलं. पॉट्स स्पाइन म्हणजे मणक्याचा क्षयरोग, टीबी. पाठीच्या मधले दोन मणके आतून पोखरले होते. त्यांच्याजवळ पू साचला होता आणि तो मज्जारज्जूवर दाबत होता. मज्जारज्जू म्हणजे मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारा दोर.

"औषधानं बरा होतो हा आजार," डॉक्टर म्हणाले. "पण आजपासून उठायचं नाही. बसायचंही नाही. पाठीवर सपाट झोपायचं. मणका खचला तर पाय जातील."

"किती दिवस?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"दिवसांत मोजू नका. महिने लागतील."

माझं दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं होतं. रात्री पाठ ठणकायची, संध्याकाळी अंग कोमट लागायचं. ब्लाउज सैल झाले. शेजारणी म्हणाल्या, बारीक झालीस, बरं झालं. मी मलम चोळलं, पाठीवर गरम विटेचा शेक घेतला, दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. एके दिवशी मोंढ्याच्या बाजारातून घरी आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. ती कुठं निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. तेव्हा कुठं आम्ही बीडच्या डॉक्टरांकडं गेलो आणि त्यांनी औरंगाबादला पाठवलं. हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे, चप्पल निसटेपर्यंत थांबू नका. रात्रीचं पाठदुखणं, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटलेलं वजन ही तिन्ही एकत्र आली की डॉक्टर गाठा.

भाड्याच्या जीपमध्ये मागं गादी टाकून मला माजलगावला घरी आणलं. वाटेत ह्यांनी एकच गोष्ट ठरवली. लोकांना सांगायचं, मणक्याची गादी सरकली आहे. टीबी म्हणायचं नाही. आमचं भांड्यांचं दुकान, लेक वैशाली तेरा वर्षांची, उद्या तिचं स्थळ बघायचं. मलाही ते पटलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फुप्फुसात टीबी नाही, त्यामुळं मणक्याचा हा टीबी जवळ बसल्यानं दुसऱ्याला होत नाही. पण हे गावाला कोण समजावणार?

पलंगावर लाकडी फळी टाकली, तिच्यावर पातळ गादी. उशी नाही. कूस बदलायची तर दोघांनी धरून मला ओंडक्यासारखं अख्खं वळवायचं. त्यासाठी आणि बाकीच्या सगळ्यासाठी सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची. सकाळी उपाशीपोटी गोळ्या. त्यांतल्या एकीनं लघवी लाल व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरून रडले. डॉक्टरांनी ते सांगितलं होतं, मीच विसरले होते.

पलंग मधल्या खोलीत होता आणि ही अप्पांची खोली होती. अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसा हे दुकानात, वैशाली शाळेत, घरात मी आणि अप्पा. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण मी त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते. पाणी ठेवायचं, ताट वाढायचं, खाली मान घालून निघून यायचं. आता मी दिवसभर त्यांच्यासमोर आडवी. झोपल्या झोपल्या डोक्यावर पदर राहत नव्हता. मी सारखी ओढायची, तो सारखा घसरायचा. अप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीकडं बघतच ते म्हणाले, "सुमन, पदराचं राहू दे आता. हलायलीस तू त्याच्यापायी. मणक्याला जप."

आणि मग ते माझ्याकडं वळून बसले.

त्या काळात गावात केबल नवीन आली होती. केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर लग्नांच्या कॅसेटी आणि दुकानांच्या जाहिराती लागायच्या. त्या पावसाळ्यात त्यानं एक नवीन गोष्ट सुरू केली. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी रोज संध्याकाळी काझी सरांचा तास. सर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. केबलवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत एक फळा, एक कॅमेरा आणि एक फोन, एवढाच थाट. मुलांनी घरी बसून चित्र काढायचं आणि अडलं तर फोन करायचा.

वैशाली परीक्षेला बसणार होती, म्हणून टीव्ही लागायचा. पण तो माझ्या डोक्यामागं होता आणि केबलची वायर त्याच खिडकीतून आल्यामुळं हलवता येत नव्हता. मला नुसता सरांचा आवाज यायचा. "रेघ मारताना मनगट सैल सोडा. पेन्सिल जोरात दाबू नका, तिनं तुमचं काय बिघडवलंय?" मला हसू यायचं. अप्पांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कपाटाचा आरसा काढला आणि पंख्याशेजारच्या हुकाला दोरीनं तिरपा टांगला. त्यात टीव्ही दिसायला लागला. सर डाव्या हातानं लिहायचे आणि फळ्यावरची अक्षरं उलटी दिसायची, पण चित्र दिसायचं.

वैशालीनं मला एक पॅड दिलं, कागद लावून. ते मी छातीवर वर धरायची आणि खालून काढायची. पेन तसं धरलं की शाई उतरत नाही. पेन्सिल चालते. पहिल्या आठवड्यात हात भरून यायचे आणि चहाची किटली भोपळ्यासारखी निघायची. वैशाली म्हणायची, "आई, तुझ्या किटलीचं तोंड दुसरीकडंच हाय." आरशातलं बघून काढल्यावर दुसरं काय होणार? अप्पा कागद हातात घेऊन लांब धरायचे आणि म्हणायचे, "किटली वाटायली. चहा निघंल हिच्यातून."

एका संध्याकाळी आरशातले सर फिकट दिसायला लागले. त्यांचा लाल शर्ट मातकट झाला.  डॉक्टरांनी बजावलं होतं की एका गोळीनं क्वचित डोळ्यांच्या नसेला त्रास होतो, रंग फिके दिसतात, तसं झालं तर लगेच कळवायचं. मी ओरडले, "अप्पा, माझे डोळे गेले!" अप्पा उठले, टीव्हीपाशी गेले, बटण फिरवलं, टीव्हीवर दोन थापा मारल्या. शर्ट परत लाल झाला. "तुजे डोळे जागेवर हायत," ते म्हणाले. "ह्याचेच गेलते." किती तरी वेळ आम्ही दोघं हसलो. मी त्यांच्यासमोर मोठ्यानं हसले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढं सरांनी 'स्थिरचित्र' शिकवायला घेतलं. समोर वस्तू मांडायच्या आणि बघून काढायच्या. माझ्यासमोर काही मांडताच येत नव्हतं. तांब्या स्टुलावर ठेवला तरी मला त्याचा काठसुद्धा दिसत नव्हता. मी पॅड बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आपलं शिकणं संपलं, अप्पा."

 अप्पा उठले आणि फोनकडं गेले. आमच्याकडं फोन येऊन फार दिवस झाले नव्हते आणि अप्पा त्याला हात लावत नसत. त्यांनी टीव्हीवरचा नंबर बघत बघत फिरवला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज मला एकदा खोलीतून आणि एकदा टीव्हीतून ऐकू आला.

"हॅलो. सर, आमाला इचारायचंय. झोपून चितर कसं काढावं?"

"बसून काढा ना," सर हसत म्हणाले. "मुलगा कितवीला आहे?"

"मुलगा न्हाई. आमची सून हाय."

"मग झोपून कावून काढायली?"

मी खुणेनं हात हलवत होते. अप्पांची पाठ माझ्याकडं होती.

"मणक्याचा टीबी हाय तिला. उठायला मनाई हाय. पर तुमचा तास ती एक दिवस चुकवीत न्हाई."

  माझ्या कानांत गरम पाणी गेलं, तेव्हा कळलं की डोळ्यांतून ओघळून ते तिथं पोचलं होतं. पाठीवर झोपलेल्या माणसाचे अश्रू कानांत जातात.

मग सर म्हणाले, "आजोबा, त्यांना म्हणावं, जे दिसतंय ते काढा. वर काय दिसतं?"

"पंखा हाय. आरसा हाय." अप्पा थांबले. "मी असतोय."

"बस. मग तुमीच समोर बसा."

तास संपायच्या आत हे दुकानातून आले. टीव्हीवर अप्पांचा आवाज ओळखून बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. एवढा शांत माणूस, पण आवाज चढला. "अप्पा, काय केलंत हे? पोरीला कोण करून घेणार उद्या?"

मलाही तेच म्हणायचं होतं. खरं तर अप्पांचा मला फार राग आला होता.

अप्पा आधी ह्यांच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. "रोज सकाळी गोळ्या पदराखाली घेऊन खातीस. ती बाई आली की पाकीट गादीखाली सारतीस. एकदा गडबडीत गोळी ऱ्हायली तुजी. मला दिसतंय समदं. औषध काय चोरून खायची गोष्ट हाय का?" मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "पोरीचं लग्न व्हईल. आधी तिची माय उभी ऱ्हाऊ दे."

हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली नाही, पुन्हा कधीच आली नाही. तेव्हापासून ती सगळी कामं हे करू लागले. समोरच्या घरातून रोज येणारी भाजीची वाटी बंद झाली. माझ्या थोरल्या जावेनं फोनवर चौकशी केली, पण तिचा पाय घराला लागला नाही. हे सगळं झालं, आणि ते लागलं मनाला. संध्याकाळी मी वैशालीला म्हटलं, टीव्ही लावू नको. अप्पांनी लावला.

काझी सर फळ्यापुढं उभे होते. "मुलांनो," ते म्हणाले, "आज वस्तू मांडायची नाही. सगळ्यांनी घरात जमिनीवर उताणं झोपा. हां, खरंच झोपा. पॅड छातीवर धरा. वर जे दिसतं ते काढायचं. आपल्या गावात एक ताई रोज असं काढतात. त्यांना किती अवघड जातं ते आज तुमाला कळू दे." मग सर स्वतः कॅमेऱ्यासमोर सतरंजीवर आडवे झाले आणि हात वर करून पंखा काढू लागले. वैशाली माझ्या पलंगाशेजारी फरशीवर झोपली. अप्पा कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होते.

नंतरच्या दिवसांत वैशालीच्या मैत्रिणी दाराशी यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात पंख्याचं चित्र. आधी उंबऱ्याबाहेरून दाखवायच्या. मग आत आल्या. कुणाच्या पंख्याची पाती वाकडी, कुणी पालच काढलेली. त्या म्हणायच्या, "काकू, हात लई दुखतो वो. तुमी कसं काढता?" एक दिवस पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "माझा ल्योक बी ह्याच लाल गोळ्या खातो. बरं वाटायलं की मधीच सोडतो. तुमच्या डॉक्टरांचं नाव सांगा." मी तिला सांगितलं आणि बरं वाटलं तरी एकही गोळी सोडायची नाही, हेही बजावलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगी पडले होते.

अप्पा रोज दुपारी माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांचं कपाळ, भस्माचे पट्टे, हनुवटीखालची सैल कातडी, हे सगळं मी काढलं. ते हलायचे नाहीत. पाय आखडला तरी बोलायचे नाहीत. कार्तिकात ते दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला जायचे. त्या वर्षी गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "पुढल्या साली बघू."

दिवाळी झाल्यावर औरंगाबादला पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ बघितली. "मणके भरत आलेत. पू दिसत नाही. आता ब्रेस घालून उभं राहायला हरकत नाही." टेलर ब्रेस म्हणजे पाठीला आधार देणारा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. जड असतो, टोचतो, पण त्याच्याइतका प्रिय दागिना मी कधी घातला नाही. गोळ्या मात्र पुढं वर्षभर चालू राहिल्या.

ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांना एवढंच सांगते, औषध पुरं घ्या आणि आजाराचं नाव घ्या. नाव घेतल्यावर काही माणसं लांब जातील. जी जवळ येतील त्यांची तुम्हाला आधी कल्पनाही नसेल. माझ्या जावेचा मला आता राग नाही. काझी सरांना मी पुढं भेटले, पाया पडू लागले तर ते दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "ताई, कंबर वाकवू नका!"

उभं राहायच्या दिवशी ह्यांनी एका बाजूनं धरलं, वैशालीनं दुसऱ्या बाजूनं. जमीन फार खाली वाटत होती. अप्पा समोर उभे होते, मी तोल सोडला तर धरायला हात पुढं करून. मी वर बघायची सवय झालेली मान सरळ केली आणि मला अप्पा दिसेचनात. नजर खाली नेली. ते माझ्या खांद्याला लागत होते. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांचे पाय तेवढे पाहिले होते आणि मग इतके महिने खालून चेहरा. माझ्या सगळ्या चित्रांत ते डोंगराएवढे होते.

"काय बघायलीस?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुम्ही एवढे ठेंगणे आहात?"

हे दचकले. वैशाली खुदकन हसली. अप्पांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच त्यांना तशी मान वर करावी लागली, आणि त्यांचे डोळे भरले.

"हाय तेवढाच हाय मी," ते म्हणाले. "ये आता. पाऊल टाक."