सोबतीला दिलेली मैत्रीण

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. माझी नेमणूक तेव्हा धुळ्यात, देवपूर पोलीस ठाण्यात होती. एका सकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा फोन आला. साक्रीकडच्या खेड्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या दंडावर काळेनिळे वळ होते, बोट सुजलं होतं. जिन्यावरून पडले, एवढंच ती सांगत होती.

आमच्या महिला पथकाचा एक छापील फॉर्म होता. कॉलेजाकॉलेजांतून तो मुलींकडून भरून घ्यायचा. मित्राने मारलं का, मोबाइल तपासला का, धमकी दिली का? हवालदारबाईंनी तिच्याकडूनही तो भरून घेतला. सगळीकडे ‘नाही’. मी ठाम होतो, पोरगी कुणाला तरी पाठीशी घालते आहे. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला मी बजावलं, “हिला एकटं सोडू नकोस.” तिने शहाण्यासारखी मान हलवली.

गावाहून तिच्याच एसटीने येणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याला चौकशीला आणला आणि चार तास फैलावर घेतला. “साहेब, माले काहीच माहीत नई. मी तिनासंगे बोलस बी नई,” एवढंच तो म्हणत राहिला.

दुपारी मुलीच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्ड आले. त्या मुलाचा एकही फोन नव्हता. मैत्रिणीचे मात्र दिवसाला तीस-तीस. “मैत्रीण आहे, करणारच,” मी म्हणालो.

हवालदारबाई म्हणाल्या, “साहेब, एकाच खोलीत राहणाऱ्या मुली एकमेकींना तीस फोन कशाला करतील?”

मीच तिला कुणाच्या ताब्यात देऊन आलो होतो! वसतिगृहाकडे जाताना गाडी पांझरा नदीच्या पुलावर अडकली तेव्हा मी ड्रायव्हरवर विनाकारण ओरडलो.

खोलीला आतून कडी होती. मैत्रिणीने दार उघडलं, ते हसतमुखाने. तिच्या हातात दोघींचे मोबाइल होते. आमची मुलगी कॉटवर भिंतीला चिकटून बसली होती, आणि तिच्या गालावर ताजी बोटं उठली होती.

रेक्टरबाईंच्या खोलीत हवालदारबाईंनी नवा फॉर्म घेतला, ‘मित्राने’ खोडून ‘जवळच्या माणसाने’ लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. तिने एकेक करत सगळीकडे ‘होय’ केलं. तिचं आणि त्या मैत्रिणीचं प्रेम होतं. मला सोडलंस तर तुझ्या घरी सांगेन, ही मैत्रिणीची धमकी होती.

“आधी का नाही बोललीस?” मी विचारलं.

“कोन्ही इचारंच नई.”

मैत्रीणही अल्पवयीनच. तिचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. त्याच संध्याकाळी मुलीचे वडील आले. “साहेब, पोऱ्यानं नाव सांगा.” मुलगी माझ्याकडे बघत होती.

“आबा, पोरगा नव्हताच. मारणारं माणूस सापडलं आहे. बाकीचं तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.”

त्या मुलाची मी हात जोडून माफी मागितली. फॉर्मही पुढे बदलून घेतला. पण जुन्या फॉर्मांचा गठ्ठा मोजून झाला होता. त्यातली किती ‘नाही’ तिच्यासारखी होती, कोण जाणे. मुलींना त्रास नाही, असा अहवाल वर गेला आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.