भेंडीच्या पाण्याला माझी साक्ष

कंधारचे आमचे मामा रोज सकाळी आजोळच्या ग्रुपवर एक औषध टाकतात. त्या दिवशी शुगरवर भेंडीचं पाणी होतं. दोन भेंड्या चिरून रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी ते बुळबुळीत पाणी डोळे मिटून प्यायचं. खाली धडाधड उत्तरं आली, गुण आला, गुण आला. मामांनी मला खांद्यावर बसवून माळेगावची जत्रा दाखवलेली, मी गप्प कसा बसणार? मीही लिहिलं, "मामा, लई गुण आला."

घरात तेव्हा भेंडीच नव्हती. प्रयोग न करता निष्कर्ष लिहाल तर वही फाडीन, असा दम नांदेडच्या पोरांना जन्मभर देणारा विज्ञानाचा मास्तर, तो मीच.

आठवड्याने निलंग्याहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, शुगरच्या गोळ्या बंद केल्यात, भेंडीचं पाणी चालू आहे. बाकीच्यांचं तिनं मनावर घेतलं नव्हतं, पण मास्तर लिहितो म्हणजे तपासूनच लिहीत असेल. तहान मात्र हल्ली फार लागते म्हणे. म्हणजे शुगर वाढलेली. गोळ्या सुरू कर म्हटलं तर ऐकेना, आणि खरं कारण फोनवर सांगायची हिंमत होईना. एसटी पकडली.

तिच्या समोर बसून सगळं कबूल केलं. तिला वाटलं, गोळ्या घ्याव्यात म्हणून थाप मारतोय.

"तवाचं खरं का आताचं?" ती म्हणाली. "ग्रुपवर लिव्ह, मामासमोर. मंग घेते गोळी."

तीनदा लिहून तीनदा पुसलं. शेवटी पाठवलं, "मी ते पाणी प्यालोच नव्हतो. कुणी गोळ्या बंद करू नका."

मग मावशीनं लिहिलं, मीबी न्हाई. मग उदगीरचा मावसभाऊ, मग त्याची बायको. गुण आलेले एकेक करून गळाले. आणि मामांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

"अरे, मी तर गोळी घेऊन वरून पाणी पितो," मामा म्हणाले. "तेवढं लिव्हायचं राहिलं बघ."

अक्कानं गोळी घेतली, सकाळी डॉक्टरांकडे जायचंही कबूल केलं. मग ताट वाढलं. भाजी अर्थातच भेंडीची, घरात दुसरं होतं काय? घास हातात घेतला आणि सवयीनं झकास म्हणायला तोंड उघडलं.

"आधी खा," अक्का म्हणाली. "मंग सांग."