मामाची पाव गोळी

माझा मामा कुणाला नमस्कार म्हणून करत नसे. तो विचारायचा, "झोप झाली का?" एसटीच्या कंडक्टरला तिकीट मागण्याआधी विचारायचा, तलाठ्याला सातबारा मागण्याआधी विचारायचा. माझ्या लग्नात बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरदेवालाही विचारलंन. माझा नवरा बिचारा तीन दिवस पाहुण्यांच्या गर्दीत जागा होता, त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "एवढ्या लोकांत मला हे एकानंच विचारलं," असं तो अजून सांगतो.

ही सवय कल्याणच्या डॉक्टरांची. मामा अकरा वर्षं दर महिन्याला किन्हवलीहून त्यांच्याकडे जायचा आणि ते पहिलं हेच विचारायचे. मामाचं म्हणणं, "येवडा शिकलेला मानूस येवडंच इचारतो, म्हंजे त्यातच सगळं आलं."

मी मामाकडे राहून दहावीत शिकत होते तेव्हा मामा 'सुटला'. हा मामीचा शब्द. चार दिवस डोळ्याला डोळा नाही, तोंडाला विश्रांती नाही, आणि दिवस नेमके आवणीचे, भात लावायचे. चिखल तयार, रोपं तयार. मामाला असा काही जोर चढला की त्याने एकट्याने दीड दिवसात अख्खं शेत लावून काढलं. फक्त ते शेत आमचं नव्हतं. शेजारच्या बारकूनानाचं होतं. आमच्या रोपांच्या जुड्या उचलायच्या, बांध ओलांडायचा आणि नानाच्या चिखलात लावायच्या, असा कार्यक्रम चालला होता. नाना बांधावर बसून विडी ओढत होता. "मला वाटला, प्रेमानं लावतो हाय," असं त्याने नंतर अख्ख्या गावाला सांगितलं.

त्या वर्षी नानाचं भात झकास आलं आणि आमचं शेत ओसाड राहिलं. मामा भिंतीकडे तोंड करून बसला तो दिवाळीपर्यंत बोललाच नाही. ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. मामी त्याला लहान पोरासारखं भरवायची आणि मागच्या पडवीत जाऊन रडायची. मग डॉक्टर झाले, पांढरी गोळी झाली, आणि मामा हळूहळू माणसांत आला.

गोळीने सगळं दिलं, एक नेलं. मामाचे हात कापायला लागले. चहाचा कप त्याच्या हातात आला की बशी आपोआप वाजायची, आणि ओटीवरून पडवीत पोचेपर्यंत कपाचा अर्धा कप व्हायचा. मामा गावच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला. हात कापतो म्हणून मंडळाने त्याला पखवाजावरून काढून टाळ दिले, तर ते अभंग सुरू होण्याआधीच किणकिणायला लागले. बुवा म्हणाले, "मामा, टाळ जरा खाली ठेवा, मला सूर धरू द्या." मंडळी हसली, मामाही हसला. घरी येऊन मात्र खुंटीवरचा पखवाज काढून मांडीवर घेतलान आणि नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने एकच प्रश्न धरला: गोळी कमी करू का नको?

हा प्रश्न त्याने गुपचूप डॉक्टरांना विचारायचा की नाही? छे! आधी एसटीच्या थांब्यावर विचारला. एकाने दुधीचा रस सांगितला, एकाने टोकावड्याचा भगत सांगितला. मामी म्हणाली, "तुमी गोळी सोडा, मी घर सोडते." बारकूनाना तेवढा ठामपणे मामाच्या बाजूने उभा राहिला. "सोड रे येकदम! येडा काय तू? पन आवणीच्या आधी सोड."

शेवटी मी आणि मामी त्याला कल्याणला घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पखवाजाचंसुद्धा. म्हणाले, "कमी करून बघू. पण पाव-पाव, आणि मला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. एकदम सोडलीत तर दुखणं दुप्पट जोरात परत येईल. आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं."

घरी येताच मामाने गोळीचे चार भाग करायला सुपारीचा अडकित्ता घेतला. कापरा हात, गुळगुळीत गोळी. टक् असा आवाज झाला आणि पाव गोळी उडून अंगणात पडली. ती कोंबडीने मटकावली. आमच्या गावात ती कोंबडी भांडखोर म्हणून प्रसिद्ध होती, पण ती दुपारभर तुळशीकडे बघत शांत बसून राहिली. मामी म्हणाली, "हिची मातर चालू ठेवा." पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला आणि कमी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

लक्ष ठेवायचं म्हणजे कशावर, ते मामानेच मला कॅलेंडरच्या मागे लिहायला लावलं. झोप पाच तासांच्या खाली. परक्या माणसाला जबरदस्तीने जेवायला बसवणं. बारकूनानाच्या शेताकडे पाय वळणं. कॅलेंडर ओटीवर उलटं टांगलेलं, त्यामुळे गावाने ते पाठ केलं. मामा एका साखरपुड्यात जरा मोकळा हसला, तर सहा जणांनी धावत येऊन विचारलं, "झोप झाली का?" मामा भडकला. "आता हसाया पन डॉक्टरची चिठी आनू काय रं?" त्याचा राग खरा होता. साध्या आनंदाचीही चौकशी होते, हे त्याला फार लागायचं.

पण हात कापायचा थांबला. सप्ताहात मामाने पखवाजाला कणीक लावली, आणि असा वाजवला की बुवांना टाळ्या वाजवायचा मोह आवरेना. मामी खांबाआड उभी राहून एकदा त्याच्या हातांकडे बघत होती, एकदा डोळ्यांकडे.

मग आवणी आली. एका सकाळी मी उठून बघते तर मामा बांधावर उभा. दोन्ही हातांत रोपांच्या जुड्या, तोंड नानाच्या शेताकडे. नाना पलीकडे चहाची किटली घेऊन हजर. मामा बराच वेळ तसाच उभा होता. मग जुड्या खाली ठेवल्यान, घरी आला आणि मामीला म्हणाला, "तीन दिस झोप नाय गो. चल, डॉक्टरकडनं गोळी एक पायरी वाढवून घेऊ." कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्याने ठरवलं होतं. नाना किटली घेऊन हिरमुसला होऊन परत गेला.

पुढे मामा त्याच पायरीवर राहिला. हात थोडा कापायचा. "जलद लयीत बरंच हाय," म्हणायचा, "निम्मं काम हात आपलं आपनच करतो."

दोन वर्षांपूर्वी मामा गेला, दुपारच्या झोपेत. मामी रडता रडता म्हणाली, "झोप झाली वो तुमची."

गेल्या वर्षापासून तीच पांढरी गोळी माझ्याही पर्समध्ये असते. मामाकडून नाक आलंच होतं, हेही आलं. यंदा मला फार बरं वाटायला लागलं, म्हणून मी ती बंद केली. कुणाला विचारलं नाही. मामाची भाची असून!

आवणीला मामीकडे गेले. सकाळपासून वाकलेली, जेवायलासुद्धा उठले नाही, आमचं शेत संपवलं आणि उरलेल्या जुड्या उचलून बांध ओलांडला. "नाना, तुमचंपण लावून देते!" नाना आता फार म्हातारा झालाय. तो काठी टेकत चिखलात उतरला, माझ्या हातातल्या जुड्या काढून घेतल्या आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला,

"झोप झाली का गो?"

मला रडूच फुटलं. झोप नसल्याचा तिसरा दिवस होता.

"माझा शेत मी लावीन," नाना म्हणाला. "तू आधी डॉक्टरला फोन कर."